एकच तुकडा!

६ जानेवारी, सोमवार

तीनशे बारा!

हे उत्तर मला आज माझ्याच प्रोग्रॅमने दिलं. प्रश्न साधा होता — ही पाटी कापली तर पत्र्याचे किती तुकडे होतील? खरं उत्तर: एक. चौकटीला जोडलेल्या चार तिरप्या रेघा आहेत, बस्स. आणि हा दिवटा म्हणतो तीनशे बारा. बावीस वर्षं मुलांना कॉम्प्युटर शिकवला त्याचं हे फळ!

हा खटाटोप कशासाठी, तर गेल्या आठवड्यातल्या अब्रूसाठी. भावाच्या, दादाच्या, पत्रा कापायच्या शेडमध्ये कोणाच्या तरी घराची '८०' नंबरची पाटी आली होती. चित्र मी काढून दिलं. लेझरने शून्याची गोल खाच पाडली आणि शून्याचं पोट सुटून खाली पडलं. पडणारच! त्याला धरून ठेवणारं काहीच नव्हतं. मला ते पाटी कापून होईपर्यंत सुचलं नाही. मशीन चालवणारे मिस्त्री जिना चढून वर माझ्या केबिनमध्ये आले, तळहातावर ती चकती. "ताई, हे पोट तुमचं का?" दादा इतका हसला की त्याला खोकल्याची ढास लागली.

म्हणून हा प्रोग्रॅम. नाव ठेवलंय तपासनीस. चित्र म्हणजे शेवटी बारीक चौकोनी ठिपक्यांचा कागद. काळा ठिपका — पत्रा राहणार. पांढरा — पत्रा जाणार. तपासनीस एका काळ्या ठिपक्यावर उभा राहतो आणि विचारतो, तुझ्या शेजारी काळं कोण? मग त्या शेजाऱ्याचे शेजारी, त्यांचे शेजारी. जेवढे हाताला लागले तेवढ्यांना एक रंग. उरलेल्यांतला एक धरायचा, पुन्हा तेच, नवा रंग. जितके रंग तितके तुकडे. सगळं चित्र एका रंगात आलं की पास!

इतकं सोपं. आणि आज पडद्यावर नुसती रंगपेटी सांडलेली.

७ जानेवारी, मंगळवार

सापडलं! मी शेजारी चारच धरले होते — वरचा, खालचा, डावा, उजवा. तिरप्या रेघेतले ठिपके एकमेकांना नुसते कोपऱ्याने लागतात. भिंतीला भिंत नाही. म्हणून प्रत्येक ठिपका दुसऱ्याला परका! (चित्र मी लहान करून दिलं होतं, त्यामुळे रेघ एका ठिपक्याच्या जाडीची झाली होती, ती गोष्ट वेगळी.)

मग काय, मन मोठं केलं. कोपऱ्याला कोपरा लागला तोही शेजारीच म्हटलं. चाराचे आठ शेजारी केले. एका ओळीचा बदल.

तपासनीस: १.

केबिनची खिडकी उघडून खाली शेडमध्ये ओरडले — "मिस्त्री, एकच तुकडा!" मशीनच्या आवाजात काय ऐकू गेलं कोण जाणे. पण त्यांनी मान वर केली आणि हात दाखवला. मला मूठभर मांस चढलं. चव्वेचाळीस वर्षांची बाई खिडकीतून अशी ओरडते, हे शाळेतल्या कोणी बघितलं नाही ते बरं.

१५ जानेवारी, बुधवार

तीन कामं गेली. जिन्याचा कठडा, एक जाळी, कुणाच्या तरी बाल्कनीचा पत्र्याचा पडदा. तिन्ही पास. काही पडलं नाही, काही सुटलं नाही. प्रत्येक वेळी खिडकी उघडून घोषणा. प्रत्येक वेळी खालून हात.

मिस्त्रींचं मात्र एक नवीन खूळ. काम मशीनवर लागलं की वर निरोप — "ताई, चित्राचा एक मोठा कागद काढून द्या." कागद! चित्र मशीनच्या पडद्यावर दिसतंय, माझ्या पडद्यावर दिसतंय, तरी ह्यांना कागद हवा. आमच्या वडिलांच्या, आप्पांच्या काळातले. एकतीस वर्षांपूर्वी आप्पांनी शेड उघडली तेव्हाचा पहिला माणूस म्हणजे मिस्त्री. त्या वेळी कागद पत्र्यावर डकवून हाताने कापायचे म्हणे. सवय. काढून दिला बापडीने.

संध्याकाळी घरी पाहुणे. दादाने रिवाजाप्रमाणे त्यांना आत येऊ देण्याआधी फाटकापाशी दहा मिनिटं उभं केलं. "हे मी बाविसाव्या वर्षी कापलं. लेझर नाही, काही नाही. हाताने! आख्खी वेल, पानं, दोन पाखरं — एका पत्र्यातून. एकही टाका नाही." पाहुण्यांनी माना डोलावल्या. वहिनी माझ्याकडे बघून पुटपुटली, "चहा निवला." ते फाटक बघूनच आप्पांनी शेडच्या किल्ल्या दादाच्या हातात दिल्या, हा पुढचा भागही झाला. तो मला पाठ आहे.

पण हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. माझं असं एक तरी काम हवं, की ज्याच्यापुढे मी लोकांना उभं करीन आणि त्यांचा चहा निवेल.

२२ जानेवारी, बुधवार

मिस्त्रींना पुन्हा कागद. प्रिंटरची शाई संपली. मी बोलले थोडं.

३१ जानेवारी, शुक्रवार

दादा दुपारी केबिनमध्ये येऊन बसला. म्हणाला, "मिस्त्री हळू झालेत ग."

मी म्हटलं, वय झालं.

"मशीन थांबलं की पत्रा उचलायचा, कडा घासायच्या, रंगाला पाठवायचा. अर्ध्या तासाचं काम. त्यांना तीन-तीन तास लागतात. डिसेंबरपर्यंत असं नव्हतं." मग म्हणाला, "त्यांना काढायचं मनात येत नाही. पण नुसत्या अंदाजावर तरी किती दिवस ढकलायचं? मास्तरीणबाई, तू एक कर. कडा घासायला पत्रा मागे कधी जातो, बाहेर कधी येतो, वरून दिसतंच तुला. वेळ लिहून ठेव. एक तक्ता कर."

तक्ता! मला तक्ता कर म्हणणं म्हणजे मांजराला दूध पी म्हणणं. लगेच रकाने आखले. काम, कापणी, उचलणी. जुन्या कामांच्या वेळा मशीनमध्ये आणि रंगवाल्याच्या चिठ्ठ्यांवर मिळाल्या. मिस्त्रींच्या भवितव्याचा तक्ता आहे, हे डोक्यात होतं की नव्हतं? होतं. पण रकाने सुरेख आले होते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तक्ता दिला. कापणी सरासरी चाळीस मिनिटं. उचलणी सरासरी दोन तास पन्नास मिनिटं. उचलणीचा रकाना मी लाल केला होता. दादा बराच वेळ बघत बसला. मग घडी करून खिशात घातला.

"फार स्पष्ट आहे," म्हणाला.

मी म्हटलं, थँक्यू. थँक्यू!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दादाने मिस्त्रींना सांगितलं. महिनाअखेर शेवटचा दिवस. आता विश्रांती घ्या, असं म्हणाला. हिशेब चोख केला, वर काही दिलंही. मिस्त्री "बरं" म्हणाले आणि मशीनकडे गेले, हे दादाने मला सांगितलं. दादाला जेवण गेलं नाही.

दुपारी मिस्त्री वर आले. कागद मागायला नाही. पडद्यासमोर उभे राहिले. "हे मोजतं कसं, दाखवता का?"

दाखवता का! मी खुर्ची दिली. पहिल्या तासापासून सुरुवात केली — ठिपका, शेजारी, रंग. मध्येच त्यांनी विचारलं, "कोपऱ्याला कोपरा लागला, तर हे काय म्हणतं?"

"जोडलेलं म्हणतं. आठ शेजारी धरलेत ना मी!"

"हं. आणि लेझरचा किरण जाता जाता कडेचा पत्रा खातो थोडा. ते धरलंय?"

मी म्हटलं, तो मशीनचा भाग झाला, माझा प्रोग्रॅम फक्त आकार बघतो. आणि सातवीच्या वर्गाला समजावते तसं उदाहरण देऊन पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ते ऐकत होते. त्यांनी एकदा तोंड उघडलं, तर मी "थांबा, आधी हे पुरं करते" म्हटलं. पुरं झालं तेव्हा खालून हाक आली आणि ते गेले.

त्यांना समजलं असावं. आपण शिकवतो बरं, हे मान्य करायला हवं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

मिस्त्रींचा शेवटचा दिवस. आम्ही सगळे खाली जमलो. मी दोन महिन्यांत मशीनपाशी गेले ती तिसऱ्यांदाच असेल. चपलेला लोखंडाचा चुरा लागतो. दादाने भाषण करायला सुरुवात केली आणि अर्ध्यात सोडून दिली. मिस्त्रींनी मशीन पुसलं, एप्रन घडी करून खुंटीला लावला.

जाताना माझ्या हातात एक कानस दिली. बोटाएवढी, मूठ झिजून गुळगुळीत. म्हणाले, "लागेल तुम्हाला."

मला? कानस? मी टेबलाच्या खणात ठेवली, कागदाच्या पंचिंग मशीनशेजारी.

४ मार्च, मंगळवार

शनिवारी माझं काम आलं! माझं!

लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई आहेत. त्यांच्या दवाखान्यात मुलं रांगेत रडत बसतात, म्हणून तिथे एक पत्र्याचा पडदा हवाय, भिंतीएवढा. "काहीतरी असं, की मूल मोजत बसेल आणि रडायचं विसरेल," असं म्हणाल्या. दादा म्हणाला, तूच कर, मी बघणारही नाही.

चौसष्ट मासे. एकाचं नाक पुढच्याच्या शेपटीला. एकही मासा दुसऱ्यासारखा नाही. कोणी जाडा, कोणी चिडलेला, एकाला दादासारख्या भुवया. तीन मासे चौकटीत तोंड खुपसून आहेत, बाकी सगळे एकमेकांच्या आधाराने. चार दिवस घरी रात्री आणि इथे दिवसा हेच चाललं होतं. वहिनीने जेवताना माशांची चौकशी सुरू केली आहे.

तपासनीस: १. चौसष्ट मासे आणि चौकट, सगळं एका निळ्या रंगात! खिडकी उघडून ओरडले — "एकच तुकडा!"

खाली नवा ऑपरेटर होता. कानात काहीतरी घालून. कोणी हात दाखवला नाही. खिडकी लावून घेतली.

५ मार्च, बुधवार

नव्या ऑपरेटरने पत्रा उचलला आणि एकसष्ट मासे खाली पडले.

लिहून बघितलं. लिहिल्यावरही तसंच वाटतं.

आवाज वरपर्यंत आला. पहिला एक, मग दोन, मग सगळे, भंगाराच्या ट्रेमध्ये. मी धावत खाली गेले. ऑपरेटर चौकट धरून उभा, आणि चौकटीला तीन मासे लटकलेले. "मॅडम, डिझाइनमध्येच सुटं आहे," असं म्हणाला. चूक नव्हता. ट्रेमधून दादाच्या भुवयांचा मासा वर बघत होता.

वर येऊन तपासनीस पुन्हा चालवला. तपासनीस: १. पुन्हा चालवला. १. निळाशार, शहाणा, छाती काढून — १!

मग चित्र इतकं मोठं केलं की ठिपके दिसायला लागले. माशाचं नाक, शेपटीचं टोक. दोन काळे चौकोन, कोपऱ्याला कोपरा. मध्ये पत्रा किती? काहीच नाही. एक बिंदू. तोही किरणाने जाता जाता खाल्ला.

कोपऱ्याला कोपरा लागला तर हे काय म्हणतं — त्यांनी विचारलं होतं मला! आणि मी काय केलं, तर खुर्ची देऊन सातवीचा धडा घेतला.

पण मग एक गोष्ट डोक्यातून जाईना. आधीच्या अकरा कामांत काहीच का पडलं नाही?

६ मार्च, गुरुवार

खाली ऑफिसच्या दाराशी नमुन्याची जाळी टांगलेली आहे. माझंच चौथं काम, गिऱ्हाइकाने माप बदललं म्हणून राहिलेलं. चांदण्यांची जाळी, टोकाला टोक. रोज तिच्यासमोरून जाते. आज खिळ्यावरून काढली आणि उलटी केली.

रंगामुळे दिसत नाही. बोटाला लागतं. प्रत्येक चांदणीच्या टोकाशी मोहरीएवढा उंचवटा. वेल्डिंगचा टाका, वरून कानसेने घासलेला. एकोणीस टाके.

मी तिथंच जिन्याच्या पायरीवर बसले. कागद कशाला लागायचा ते कळलं. सुटलेली चांदणी ट्रेमधून वेचायची, कागदावर बघायचं कुठली कुठे, बसवायची, मागून टाका, वरून कानस. मग पुढची. तीन-तीन तास. वर मी शाई संपली म्हणून कुरकुर करत होते.

आणि वरून घड्याळ लावून त्याच तीन तासांचा तक्ता केला. लाल रकाना! माझी चूक निस्तरायला त्या माणसाला किती वेळ लागतो, हे मी मिनिटामिनिटाने लिहिलं आणि त्यावर त्याची नोकरी घालवली. आणि वर थँक्यू म्हटलं.

लाज वाटते. दुसरा शब्द नाही. उंटावरून शेळ्या हाकत होते दोन महिने, आणि शेळ्या कोण सांभाळतंय ते बघितलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

दादाला सगळं सांगितलं. जाळी उलटी करून त्याचं बोट टाक्यांवर ठेवलं. मला वाटलं होतं, तो तडक उठेल, मिस्त्रींकडे जाईल. उलट भडकला.

"म्हणजे माझ्याच शेडमध्ये माझ्यापासून लपवून जोडकाम चाललं होतं? मी गिऱ्हाइकांना छाती ठोकून सांगितलंय, एक पत्रा, सांधा नाही! चूक तुझी, मान्य. पण लपवालपवी त्यांची."

मी म्हटलं, ते सांगायला वर आले होते, मीच बोलू दिलं नाही.

"माझ्याकडे का नाही आले? मी कापायचो तेव्हा नाही कधी असला टाका लागला. एकदाही नाही. मला नसतं चाललं!" आणि फाटकाचा उल्लेख झालाच.

त्यांना परत बोलव म्हटलं. "बघू" म्हणाला. दादाचं बघू मला लहानपणापासून ठाऊक आहे. त्याच्या बघूमधून आजवर एक सायकलसुद्धा बाहेर आलेली नाही.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. मासे पडले, असं स्वच्छ सांगितलं. त्या हसल्या. दहा दिवस थांबते म्हणाल्या.

९ मार्च, रविवार

मिस्त्रींच्या घरी गेले. पाण्याच्या टाकीमागची बैठी घरं, तिसरं दार. दोन खोल्या. मिस्त्री खिडकीत बसून पंख्याची जाळी दुरुस्त करत होते. शेजारी आणखी दोन पंखे, एक इस्त्री. सगळ्या गल्लीचं सामान आणून ठेवलेलं. त्यांची बायको म्हणाली, "बसा, कुठे जागा दिसेल तिथं. यांना रिकामं बसता येत नाही, आणि मला ह्यांच्यात चालता येत नाही."

मी पाठ करून गेले होते. सगळं विसरले. नुसतं म्हटलं, "मासे पडले."

"किती?"

"एकसष्ट."

त्यांनी हिशेब केल्यासारखी मान हलवली. "नाक आणि शेपूट?"

मी हो म्हटलं आणि रडायला लागले. अगदी शाळकरी रडणं, नाक ओढत. काकूंनी पाणी दिलं. मिस्त्री पंख्याकडे बघत राहिले, माझं आवरेपर्यंत.

"का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"आलो होतो की वर. तुम्ही शिकवत होतात. मध्ये बोलायला सापडेना." हे म्हणताना हसले. मग म्हणाले, "आणि ताई, शाळेतली नोकरी सुटली तेव्हा तुम्ही शेडमध्ये आलात, तोंड एवढंसं झालं होतं. मग ती खिडकी उघडून ओरडायला लागलात. म्हटलं, असू दे. दोन-चार टाके तर मारायचे. हळूहळू येईल त्यांचं त्यांना ध्यानात."

"तुमची नोकरी गेली त्यात!"

"तुम्ही वेळ मोजताय, हे मला कुठं ठाऊक होतं?"

रागाने नाही म्हणाले. तेच जास्त लागलं. मी तिथे बसल्या बसल्या सांगितलं की तक्ता माझा, लाल रंगही माझा. त्यांनी जाळीची एक तार सरळ केली. मग विचारलं, "तीन तास भरायचे का सरासरी?"

"दोन तास पन्नास मिनिटं."

"मला वाटायचं अडीचात होतं," म्हणाले.

परत या म्हटलं, हात जोडले. त्यांनी पंखा खाली ठेवला. "ताई, तुमच्यावर माझं काही नाही. पण एकतीस वर्षांनी हळू म्हणून घरी पाठवलं. ज्यांनी पाठवलं त्यांनी बोलवावं. मी आपण होऊन त्या दारात उभा राहणार नाही." आणि मग माशांचं कसं करायचं ते सांगितलं. नाक शेपटीत घुसू दे, अंगठ्याच्या नखाएवढं. मोजायच्या आधी सगळ्या आकाराची कड चारी बाजूंनी थोडी खाऊन घ्यायची, किरण खातो तेवढी आणि वर तेवढीच आणखी. मग जे उरेल ते मोजायचं. "आणि कोपऱ्यावाला शेजारी धरू नका. तो नुसता बघायला असतो."

निघताना विचारलं, इतके साफ टाके मारायला कुठं शिकलात? बोटाला लागतात, डोळ्याला दिसत नाहीत!

"सराव," म्हणाले आणि एकदम इस्त्री उचलली. काकू आतून म्हणाल्या, "सांगा की कसला सराव." "तू गप ग," मिस्त्री म्हणाले.

काकू मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आल्या. तिथे हळूच म्हणाल्या, "तुमच्या घरच्या फाटकाला कधी मागून हात लावून बघितलाय?"

१० मार्च, सोमवार

शेजारी चार केले. कड खाल्ली. चित्र लहान करणं बंद. (मुळात तेच करायला हवं होतं. रेघ जाड करायची सोडून मी शेजारी वाढवले!) जुनी अकरा कामं पुन्हा चालवली. नऊ नापास. चांदण्यांच्या जाळीचे वीस तुकडे, एक चौकट आणि एकोणीस चांदण्या. माझे मासे: बासष्ट. एक चौकट तीन माशांसकट, आणि एकसष्ट सुटे. ट्रेमध्ये बरोबर तेवढेच होते. पहिल्यांदाच तपासनीस खरं बोलला.

फाटकाकडे गेले नाही. धीर होत नाही.

१२ मार्च, बुधवार

दादा शेडवर गेल्यावर गेले. वहिनी म्हणाली, फाटकाला मिठी काय मारतेस?

पुढून वेल, पानं, पाखरं. मागून सहा वेळा दिलेला रंग, जाड झालेला. डोळ्याला काही नाही. डोळे मिटून बोट फिरवलं. पहिल्या पानाच्या देठाशी — मोहरी. दुसऱ्या पानाला नाही. तिसऱ्याला आहे. डाव्या पाखराची चोच, आहे.

तेरा.

म्हणजे बाविसाव्या वर्षी दादाचीही पानं पडली होती. आणि कोणीतरी ती वेचून, आप्पांनी बघायच्या आधी, मागून जोडून ठेवली. आप्पा तर त्यावरच खूश झाले, त्यावरच किल्ल्या दिल्या. इतकी वर्षं मिस्त्री त्या फाटकातून ये-जा करत आले, दादा पाहुण्यांना 'एकही टाका नाही' सांगत असताना बाजूला उभे राहत आले.

१३ मार्च, गुरुवार

सांगू की नको? सांगितलं तर दादाचं ते एक काम जाईल. आख्ख्या आयुष्यात त्याने स्वतःची स्तुती केली ती फक्त त्या फाटकावरून. माझे मासे पडले तर मी दोन दिवस जेवले नाही. त्याचं तर तीस वर्षांचं आहे. नाही सांगितलं तर मिस्त्री पाण्याच्या टाकीमागे पंखे जोडत बसतील, माझ्यामुळे.

तीनदा त्याच्या केबिनपर्यंत गेले. पहिल्यांदा पेन मागून आले. दुसऱ्यांदा तेच पेन परत दिलं. तिसऱ्यांदा त्यानेच विचारलं, काय लावलंय?

मी फार शूर नाही, हे आता लेखी नोंदलेलं बरं.

१४ मार्च, शुक्रवार

मासे पुन्हा कापले. नाकं शेपटीत घुसवली. खाली उभी राहिले, चपलेला चुरा लागला तर लागला. ऑपरेटरने पत्रा उचलला. काही पडलं नाही. दादा शेजारी होता, म्हणाला, "झकास!" मी खिडकीतून ओरडले नाही, खिडकी वर होती आणि मी खाली.

एका माशाची कड खरखरीत राहिली होती. खणातून कानस आणली. लागली मला.

१६ मार्च, रविवार

सकाळी दादाला म्हटलं, फाटक मागून गंजतंय, तू घास, रंग मी देते. पॉलिश पेपर हातात दिला आणि वर येऊन खिडकीशी उभी राहिले. 

अर्धा तास खरखर चालली. मग थांबली. दादा फाटकामागे उकिडवा बसला होता, डोळे मिटून, वेलीवरून बोट फिरवत. पानापाशी थांबायचा, पुढे जायचा, पुन्हा मागे यायचा. वहिनीने चहाला हाक मारली. चहा निवला.

मग वर बघितलं. "तुला माहीत होतं?"

मी होकाराची मान हलवली.

"मिस्त्री अजून टाकीमागेच राहतात ना?"

हात न धुता, पायजम्यावरच गाडी काढली. फाटक उघडताना ते त्याने हळू उघडलं, दोन्ही हातांनी. जाताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "चौदा आहेत."

मी तेराच मोजले होते.